गिअरबॉक्स बदलताना कूलर आणि कन्व्हर्टरकडे दुर्लक्ष नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पिकअप ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरच्या घरी, कमी खर्चात बदलण्याचा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींवर होते. जुना गिअरबॉक्स स्वस्तात कुठून आणायचा आणि तो वर कसा चढवायचा. पण बदललेला गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत पुन्हा जातो, तेव्हा दोष बहुधा तिसरीकडेच असतो. एक तर पहिल्या गिअरबॉक्सचा चुरा गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये तसाच राहिलेला असतो, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा गोल भाग) पूर्ण बसण्याआधीच बोल्ट आवळलेले असतात. पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला हेच काम दुसऱ्यांदा करणे परवडत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी गिअरबॉक्स खरोखर गेला आहे का, ते पाहावे. ऑइलची पातळी, रंग आणि वास तपासायला काही खर्च येत नाही. स्कॅनरवर नुसता पी०७०० कोड दिसला तर त्यावरून निकाल लावू नये. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काहीतरी दोष नोंदवला आहे, एवढेच तो कोड सांगतो. खरा कोड वेगळा वाचावा लागतो. सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडझाप करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), स्पीड सेन्सर, गंजलेला कपलर (वायरींचा जोड) किंवा एक्झॉस्टला लागून वितळलेली वायर यापैकी काही निघाले तर काम फार स्वस्तात होते. बऱ्याच गिअरबॉक्सचे सोलेनॉइड खालचा चेंबर (ऑइल साठणारे भांडे) उतरवून बदलता येतात. चेंबरमधल्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ थर असणे स्वाभाविक आहे. चकचकीत तुकडे, पितळी कीस किंवा काळ्या क्लच-लायनिंगचा गाळ दिसला आणि ऑइलला जळका वास असला, तर मात्र गिअरबॉक्स उतरवायला हरकत नाही.

जुना गिअरबॉक्स घेताना नुसते मॉडेलचे नाव जुळून भागत नाही. इंजिनाला बसणाऱ्या बोल्टांची मांडणी, दोन चाकी की चार चाकी ड्राइव्ह यानुसार बदलणारा मागचा शाफ्ट आणि हाउसिंग, कपलरमधल्या पिना आणि बॉडीवरच्या पट्टीवरचा कोड हे सगळे जुन्याशी ताडून पाहावे. एकाच नावाच्या गिअरबॉक्समध्ये उत्पादनाच्या वर्षानुसार सेन्सर आणि कपलर बदललेले असतात. पैसे देण्याआधी चेंबर उघडून दाखवायला सांगावे. नकार मिळाला तर दुसरीकडे जावे. घरी आणल्यावर पुढच्या पंपाचे ऑइल सील, मागच्या शाफ्टचे सील, फिल्टर आणि चेंबरचे पॅकिंग नवीन टाकावे. गिअरबॉक्स खाली असतानाच इंजिनाचे मागचे सील बदलावे आणि फ्लेक्सप्लेटला (इंजिनामागची, कन्व्हर्टर जिला जोडतात ती पातळ चकती) बोल्टांच्या भोकांभोवती तडे गेलेत का, ते पाहावे. हे भाग स्वस्त असतात, पण नंतर त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर पुन्हा सगळे उतरवावे लागते.

ट्रक उचलण्याबाबत मात्र तडजोड अजिबात नको. पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स साधारण ७० ते ११० किलोचा असतो आणि ऑइलने भरलेल्या कन्व्हर्टरचे वजन वेगळे. साध्या जॅकच्या लहान वाटीवर तो कलंडतो, म्हणून पट्ट्याने बांधता येणारा गिअरबॉक्स जॅक भाड्याने आणावा. ट्रक चार मजबूत स्टँडवर ठेवावा. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे भाराखाली अचानक फुटतात, ते कधीही वापरू नयेत. किती उंच उचलायचे, ते आधी मोजून ठरवावे. जॅक पूर्ण खाली असताना त्याची उंची अधिक बेल हाउसिंगची (गिअरबॉक्सचा इंजिनाला बसणारा पुढचा रुंद भाग) उंची एवढी मोकळी जागा ट्रकखाली हवी, नाहीतर सुटलेला गिअरबॉक्स खालीच अडकतो. आणखी एक धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. गिअर ‘पी’मध्ये (पार्क) टाकल्यावर अडकणारी पार्किंगची कुलपी गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टला अडवते, चाकांना नव्हे. प्रोपेलर शाफ्ट काढला की ‘पी’मध्ये असलेला ट्रकसुद्धा घरंगळू शकतो. म्हणून ट्रक उचलताना आणि उतरवताना जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक ओढलेला ठेवावा.

सोडवण्याचे काम कष्टाचे आहे, पण अवघड नाही. बॅटरीची ऋण केबल सगळ्यात आधी काढावी. प्रोपेलर शाफ्ट आणि फ्लँज यांवर खूण करून शाफ्ट उतरवावा आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसच्या वाट्या चिकटपट्टीने बांधून ठेवाव्यात. ऑइल गरम असताना उपसू नये. कूलरच्या नळ्या सोडवताना दोन पाने वापरावेत, एकाच पान्याने नळी पिळवटते. बऱ्याच गाड्यांत सेल्फ काढल्यावर कन्व्हर्टरचे बोल्ट दिसतात. इंजिन पुढच्या पुलीच्या बोल्टने त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत ते एकेक सोडवावेत. मागचा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा दांडा) काढण्याआधी इंजिनाच्या चेंबरखाली लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक लावावा, नाहीतर इंजिन मागे झुकून पंखा रेडिएटरच्या कव्हरला घासतो. बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट गिअरबॉक्सची शेपटी थोडी खाली घेतल्यावर लांब एक्स्टेन्शनने सुटतात. कन्व्हर्टर गिअरबॉक्ससोबतच बाहेर यायला हवा आणि तो पुढे घसरू नये म्हणून बांधलेला हवा.

आता कूलर. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परतणारे ऑइल चेंबरच्या फिल्टरमधून न जाता थेट बुश आणि ग्रहचक्राच्या गिअरांना वंगण म्हणून जाते. म्हणजे कूलरमध्ये अडकलेला कीस पहिल्याच गरम फेरीत नव्या गिअरबॉक्सच्या नाजूक भागांत पोहोचतो. कूलर फ्लशिंगच्या द्रवाने आधी उलट दिशेने आणि मग सुलट दिशेने, द्रव स्वच्छ येईपर्यंत धुवावा आणि कमी दाबाच्या हवेने पूर्ण कोरडा करावा. थरांच्या पट्ट्यांचा बाहेरचा कूलर असेल तर तो धुऊन नीट साफ होत नाही, नवीनच घ्यावा. परतीच्या नळीवर चुंबक असलेला छोटा इनलाइन फिल्टर बसवला तर उत्तम. जुने ऑइल गुलाबी, दुधाळ झाले असेल, तर रेडिएटरमधला कूलर फुटून त्यात कूलंट मिसळलेले आहे. कूलंटने क्लचचे कागदी लायनिंग फुगते आणि त्याचा गोंद सुटतो. अशा वेळी रेडिएटर बदलल्याशिवाय दुसरा गिअरबॉक्स लावणे म्हणजे तोही घालवणे.

कन्व्हर्टर बसवताना घाई करू नये. त्याच्या नळीला ऑइल लावून, आत दाबत हळूहळू फिरवत राहावे. तो टप्प्याटप्प्याने आत जातो, कारण टर्बाइनचा शाफ्ट, स्टेटरचा शाफ्ट आणि शेवटी पंपाची खाच अशा तीन ठिकाणी त्याला गुंतायचे असते. शेवटचा टप्पा राहून गेला तरी तो बसल्यासारखा वाटतो, आणि घात तिथेच होतो. बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून कन्व्हर्टर किती आत आहे, ते मोजावे आणि उत्पादकाने दिलेल्या मापाशी जुळवावे. गिअरबॉक्स वर चढवल्यावर बेल हाउसिंग इंजिनाला हातानेच चिकटली पाहिजे. फट राहिली तर बोल्ट आवळून ती ओढू नका. तसे केल्यास पंपाचा गिअर फुटतो, दाब तयारच होत नाही आणि ट्रक जागेवरून हलण्याआधीच गिअरबॉक्स संपतो. सगळे नीट असेल तर बेल हाउसिंग चिकटल्यावरही कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो आणि त्याच्यात व फ्लेक्सप्लेटमध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर अंतर राहते. कन्व्हर्टरचे बोल्ट मूळ लांबीचेच वापरावेत, कारण लांब बोल्टाने पुढच्या कव्हरला आतून फुगवटा येतो आणि कन्व्हर्टरच्या आतला, थेट जोड देणारा लॉक-अप क्लच बिघडतो. इंजिनावरच्या दोन्ही डॉवेल पिना (गिअरबॉक्स सरळ बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना, तेही पाहावे. त्या नसतील तर गिअरबॉक्स किंचित तिरका बसतो, मग पुढचे सील गळते आणि फ्लेक्सप्लेटला तडे जातात.

चेंबरचे बोल्ट साधारण १० ते १२ न्यूटन-मीटरवर थांबवावेत. ॲल्युमिनियममधले आटे त्यापुढे लवकर जातात. कोरड्या गिअरबॉक्सला एकूण १० ते १३ लिटर ऑइल लागते. त्यातले ४–५ लिटर आधी घालून इंजिन चालू करावे आणि लगेच भर घालत राहावी. परतीची नळी बादलीत सोडून आयडलवर पाहिले तर अर्ध्या मिनिटात साधारण १ लिटर ऑइल यायला हवे. त्याहून फार कमी आले तर कूलर किंवा नळी तुंबलेली आहे. हे पाहताना तेवढेच ऑइल पुन्हा भरायला विसरू नये. पातळी सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम झाल्यावर पाहावी. ती ‘पी’मध्ये पाहायची की न्यूट्रलमध्ये, हे उत्पादकानुसार बदलते. ऑइल डब्याच्या रंगावरून निवडू नये. मरकॉन व्ही प्रकारचे ऑइल मागणाऱ्या गिअरबॉक्सला मरकॉन एलव्ही चालत नाही.

जनरल मोटर्सच्या ७००आर४ सारख्या जुन्या गिअरबॉक्सला कंट्रोलर नसतो, त्यात थ्रॉटलला जोडलेली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल ऑइलचा दाब ठरवते. ती ढिली राहिली तर नवे क्लच थोड्याच अंतरात जळतात, म्हणून ट्रक रस्त्यावर नेण्याआधी ती जुळवावी. कंट्रोलर असलेल्या गाडीत कंट्रोलरने झिजलेल्या गिअरबॉक्ससाठी शिकून ठेवलेली गिअर बदलण्याची मूल्ये स्कॅनरने पुसावीत, नाहीतर चांगला गिअरबॉक्सही झटके देतो आणि विनाकारण दोषी ठरतो.

पहिली फेरी छोटी ठेवावी, परत आल्यावर सगळे जोड पुसून गळती पाहावी आणि पातळी पुन्हा तपासावी. जुना गिअरबॉक्स उघडून विस्कटू नये, कारण रिकंडिशन करणारे अखंड बॉडीचे पैसे वळते करतात. उपसलेले ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे. गटारात किंवा मातीत ओतू नये.

आपला नम्र,
एक वाचक