स्टेनगन अडली, हीच तर खरी गोष्ट आहे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत महायुद्धातल्या हेरांच्या सिनेमांवर लेख आला होता. लेख छान आहे, दोनदा वाचला. पण त्यात एका ठिकाणी लिहिलंय की हल्ली काही प्रेक्षक बंदूक कुठल्या सालची आहे तेच शोधत बसतात, त्याने गोष्टीला काय फरक पडतो. हे मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय. मी काही शस्त्रांतला एक्सपर्ट नाही, आयुष्यभर लेथवर काम केलं आता रिटायर्ड आहे, पण कुठलीही वस्तू दिसली की ती कशी बनवली असेल हे आधी बघायची सवय लागलेली आहे ती काही सुटत नाही.

प्रागचंच उदाहरण घ्या. २७ मे १९४२, हिटलरने तिथे कारभार बघायला बसवलेला नाझी अधिकारी हायड्रिश, त्याची उघडी मर्सिडीज वळणावर हळू झाली, त्याला मारायला इंग्लंडहून पॅराशूटने आलेला गाब्चिक समोर आला, रेनकोटखालून स्टेनगन काढली, चाप ओढला आणि गोळी सुटलीच नाही. हायड्रिशने गाडी पळवायची सोडून थांबवायला सांगितली आणि पिस्तूल काढून उभा राहिला, तेवढ्यात गाब्चिकचा साथीदार कुबिशने बॉम्ब टाकला. त्यातल्या जखमांनी हायड्रिश ४ जूनला मेला. पुढे सूड म्हणून नाझींनी १० जूनला लिडित्से गावातल्या १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या, आणि १८ जूनला प्रागच्या चर्चमधे लपलेले गाब्चिक, कुबिश धरून सातही पॅराशूटवाले लढून संपले. आता मला सांगा, या प्रसंगात गाब्चिकच्या हातात दुसरी कुठली तरी देखणी बंदूक दिली तर काय उरलं? ती अडली हेच तर सगळं आहे ना, आणि का अडू शकते हे ती बंदूक बघितली तरच कळतं.

स्टेन म्हणजे एक नळी, आत एक मागे-पुढे सरकणारा जड बोल्ट आणि स्प्रिंग, पत्रा दाबून आणि वेल्डिंग करून जुळवलेली. १९४० मधे फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेतल्यावर इंग्लंडकडे शस्त्रं फारच कमी उरली होती म्हणून १९४१ मधे घाईने केलेलं डिझाइन, शेफर्ड आणि टर्पिन या दोघांची पहिली अक्षरं आणि एनफिल्डचं एन मिळून नाव झालं स्टेन. गोळी ९ एमएम, म्हणजे जर्मनांचीच, त्यांची काडतुसं हाती लागली तर हिच्यात चालायची. सुटी करून पिशवीत मावायची. डेन्मार्क, नॉर्वे, पोलंडमधे तर लोकांनी चोरून वर्कशॉपमधे स्टेन बनवल्या, जर्मन गस्त बाहेर फिरत असताना आत लेथवर कोणीतरी नळी फिरवतोय, मला तर हे वाचूनच भरून येतं. पण मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, ही तिची दुखरी जागा, ३२ गोळ्या मावायच्या पण अडू नये म्हणून शिपाई दोन-चार कमीच भरायचे.

आणि सिनेमात काय दाखवतात तर हिरो डाव्या बाजूचं मॅगझिन मुठीत धरून धडाधड झाडतोय. मॅगझिनवर हाताचा जोर आला की ते जागेवरून हलतं आणि गोळी वर यायची बंद होते, म्हणून तसं धरायचं नाही असं शिकवायचे. दुसरं म्हणजे स्टेन काय किंवा जर्मनांची तशीच बंदूक एमपी ४० काय, दोन्हींचा बोल्ट मागे ओढलेला असेल तरच गोळी सुटते. बोल्ट पुढे आहे आणि नट समोरच्याला दरडावतोय, म्हणजे बंदूक तयारच नाही, मग त्या सीनमधे भीती कसली वाटणार. जर्मन ल्युगर पिस्तुलाला बाहेर घोडाच (चाप नव्हे, मागून आपटणारा हातोडा) नसतो तरी घोडा चढवल्याचा आवाज देतात. रिव्हॉल्वरला सायलेन्सर लावतात, अहो चक्र आणि नळीच्या मधे फट असते तिथून आवाज बाहेर येतोच (रशियन नागांत रिव्हॉल्वरची गोष्ट वेगळी, तिचं चक्र पुढे सरकून फट बुजवतं). हेरांसाठी मुद्दाम बनवलेलं वेलरॉड नावाचं आवाज न करणारं पिस्तूल होतं, त्याचा दस्ता म्हणजेच मॅगझिन, वर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही, पण दर गोळीनंतर मागची मूठ फिरवून ओढायला लागायची. एकच गोळी नीट लागली पाहिजे, दुसरी मारायला वेळ नाही, हा ताण केवढा मोठा आहे! तेच पडद्यावर टक टक टक तीन गोळ्या मारल्या की गेला ताण.

शूटिंगची अडचण मला समजते. खोट्या काडतुसात बुलेट नसते म्हणून बोल्ट मागे ढकलायला दाब पुरत नाही, मग नळी आतून बारीक करावी लागते, त्याला जाणता माणूस लागतो आणि पैसे लागतात. शिवाय खोटं काडतूसही जवळून जीव घेतं, १९८४ मधे अमेरिकेत एक नट स्वतःच्या कानशिलाला पिस्तूल लावून गेला, त्यात बुलेट नव्हतीच. म्हणून रबराची किंवा डमी बंदूक वापरली तर माझी काहीच हरकत नाही, जाळ नंतर कॉम्प्युटरवर टाका. पण आकार त्या काळचा असू द्या आणि नटाला ती धरायची कशी हे दोन दिवस शिकवा, त्याला काही कोटी लागत नाहीत.

आपल्याकडेही हेच. एका मालिकेत ७१ च्या कथेत शिपायाच्या हातात इन्सास रायफल पाहिली, ती तर नव्वदच्या दशकात आली, ७१ ला आपले जवान लाकडी दस्त्याची एसएलआर रायफल घेऊन लढले. ज्यांच्या घरातलं कोणी त्या लढाईत होतं त्यांना ते बघून काय वाटत असेल.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी अशा सिनेमाचं परीक्षण लिहाल तेव्हा कॅमेरा, संगीत यांच्यासोबत शस्त्रांचं काम कसं झालंय यावर दोन ओळी लिहा आणि नीट केलं असेल तर त्या माणसाचं नाव छापा. आणि बातम्यांमधे पोलिसांच्या कार्बाईनला (आखूड बंदुकीला) सरसकट स्टेनगन लिहिता तेही बदलता आलं तर बघा, ती बहुतेक वेळा कानपूरला बनलेली, स्टर्लिंग नावाची वेगळी बंदूक असते.

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड