सिस्टर, आईची वेणी तुम्ही घातलीत

नमस्कार सिस्टर,

त्या दिवशी गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं उघड लिहितोय. सोलापूर काही फार मोठं नाही. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

माझी आई म्हणजे ती विडी कामगार आज्जी, डोक्याच्या मागच्या बाजूला आवाळू असलेली. अकरा वर्षं ती गाठ घेऊन वावरली. आधी हरभऱ्याएवढी होती, शेवटी आवळ्याएवढी झाली. फणी अडकायची, उशीला डोकं टेकलं की कुशीवर वळावं लागायचं. आम्ही दवाखान्याचं नाव काढलं की तिचं एकच उत्तर, "काय करतंय ते? दुखतंय का? राहू दे की." आणि पदर पुढे ओढायची.

मी तिला नेलंच नव्हतं असं नाही. एका डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच बघितलं, "चरबीची गाठ आहे" म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. बोटसुद्धा लावलं नाही. दुसऱ्या ठिकाणी ती दाबून रिकामी करायला गेले. तिथून पुढे खरे हाल सुरू झाले. आठ दिवसांत गाठ लालबुंद झाली, ठणकू लागली, पू यायला लागला. तिथे परत गेलो तर तोडून बोलले, "आधीच यायचं ना." अकरा वर्षं उशीर केला म्हणून आई स्वतःलाच दोष देत होती. त्यात हे ऐकून घरी आल्यावर ती जेवली नाही. ते बोलणं मी विसरणार नाही.

मग कुणीतरी तुमच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांनी केस बाजूला करून गाठ बोटांनी चाचपली, हलते का बघितली, मानेला आणि कानामागे गाठी सुजल्यात का तेही तपासलं. पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला नीट समजावून सांगितलं. आत चरबी नसते. केसाच्या मुळाच्या आवरणातून एक पिशवी तयार होते आणि त्यात केराटिन साठत जातं. आपली नखं, आपले केस ज्याचे बनतात तेच. या जातीच्या दहापैकी नऊ गाठी डोक्यावरच होतात, बहुतेक निरुपद्रवी असतात आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतात. मामाच्या डोक्यावर तशा दोन आहेत, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. दाबून नुसता माल काढला तर पिशवी आत राहते आणि गाठ पुन्हा भरते. म्हणून आधी सूज उतरू द्यायची आणि मग पिशवीसकट काढायची.

एवढं ऐकूनही आई "नको"च म्हणत होती. का, ते तुम्ही विचारलंत. आम्ही घरातली चार माणसं अकरा वर्षं तिला नुसतं समजावत होतो, "का" असं कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही तिच्याशेजारी स्टुलावर बसलात आणि दहा मिनिटांत ती बोलली, "माझं डोकं भादरतील की गं." लहानपणी उवा झाल्या म्हणून तिचं डोकं भादरलं होतं आणि अख्खी गल्ली तिला हसली होती. मला हे माहीत नव्हतं. पोटचा मुलगा असून माहीत नव्हतं.

तुम्ही तिचंच बोट धरून गाठीभोवती फिरवलंत. "आज्जी, एवढेच केस काढणार, वरचे केस घेतले की झाकून जाईल." आणि तसंच केलंत. तेवढी जागा बधिर करून गाठ काढली. ट्रेमध्ये ती गुळगुळीत पांढरट गोटी मला दाखवलीत आणि तपासणीला पाठवली. मग पट्टी झाल्यावर तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र आहे. केसांत रक्त वाळून गुठळ्या झाल्या होत्या. तुम्ही ओल्या कापसाने एकेक बट पुसून घेतलीत, टाक्यांना धक्का न लावता सैलसर वेणी घातलीत आणि डोक्यावर पदर घेऊन दिलात. बाहेर रांग होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या बिलात ते धरलेलं नव्हतं. माझी आई त्या खोलीतून मान वर करून बाहेर आली.

वेणी घालता घालता तुम्ही तिला सांगितलेलं ती आता गल्लीत सगळ्यांना सांगते. गाठ भराभर वाढायला लागली, रक्त आलं, वर जखम होऊन भरेना, दगडासारखी कडक आणि हाडाला चिकटल्यासारखी लागली, किंवा लाली, पू आणि ताप आला, तर घरात बसायचं नाही. डोक्याला मार लागून टेंगूळ आलं आणि उलट्या किंवा गुंगी सुरू झाली, तर त्याच घटकेला दवाखाना. शेजारच्या पोरीच्या कानामागे गाठी लागल्या तेव्हा आईनेच तिला दाखवायला पाठवलं. निघाल्या उवांच्या खाजेने सुजलेल्या गाठी. पोरीचे केस मात्र आईने कापू दिले नाहीत. औषध लावून रोज संध्याकाळी स्वतः फणी घेऊन बसते.

रिपोर्ट साधा आला. टाके निघाले. यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आई गजरा माळून गेली.

आम्ही दोनदा तिकडे येऊन गेलो, दोन्ही वेळा तुमची ड्युटी नव्हती. आईने उखळात कुटलेल्या शेंगाचटणीचा डबा तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय आणि त्याला कुणाला हात लावू देत नाही. तुम्ही कुठल्या पाळीला असता, तेवढं कुणाकडून तरी कळवा.

तुमचा,
त्या आज्जीचा मुलगा
अक्कलकोट रोड, सोलापूर