शैले, अक्काशी तूच बोल

कराड,
रविवार

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे फोन आले तेही "नंतर करते" म्हणून ठेवले. रागावली असशील तर रागाव, पण घरात अक्का सारखी आजूबाजूला आणि बोलायचं होतं तिच्याबद्दलच. माझी शुगर जागेवर आहे, गुडघा आहे तसाच. ते राहू दे.

अक्काच्या तोंडात चट्टा सापडलाय. खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, हिरडी आणि ओठ यांच्यामधल्या खोबणीत. जागा तुला सांगायला नको. भाजलेल्या तंबाखूची ती मिश्री लावायचं बोट तिथंच टेकतं.

झालं असं की तिची कवळी सैल झाली होती, जेवताना खडखड वाजायची. नवी करायची म्हणून मी तिला डेंटल कॉलेजच्या ओपीडीत नेलं, तिथं खर्चही कमी. नवा पेशंट आला की आधी ओरल मेडिसिनला, म्हणजे तोंडाचे आजार तपासतात त्या विभागात, पाठवतात. तिथं शिकणारी एक मुलगी केसपेपर घेऊन बसली. तंबाखू खाता? नाही. सुपारी? कधीमधी. मिश्री? अक्का माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, लावते, पंचेचाळीसेक वर्षं. मुलीनं विचारलं, दिवसातून किती वेळा, आणि तोंडात कुठं धरता? शैले, इतक्या वर्षांत अक्काला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. गेल्या वर्षी तालुक्याला एकानं तिची दाढ काढली, पैसे घेतले आणि कापूस चावायला देऊन बाहेर पाठवलं. बाकीच्या तोंडाकडे नजरसुद्धा टाकली नाही. तेव्हाच बघितलं असतं तर हा चट्टा त्या वेळी होता की नव्हता एवढं तरी आज कळलं असतं. त्या माणसाचा मला फार राग आहे.

मग तिथल्या डॉक्टर मॅडम आल्या. कवळी काढायला लावली. ओठ आतून उलटा करून बघितला, गाल बाजूला ओढून आत उजेड टाकला. जिभेचा शेंडा गॉजच्या कापडात धरून जीभ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढली, कारण जिभेच्या कडेचं आपल्याला आरशात धड दिसतच नाही. जीभ वर करायला लावून खालची बाजू बघितली, बोटानं दाबून बघितली, टाळू बघितली. शेवटी मागं उभ्या राहून जबड्याखाली आणि मानेला गाठ लागते का ते चाचपलं. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. दुखलं नाही, सुई नाही, वेगळे पैसे नाहीत. चट्ट्यावरून त्यांनी गॉज घासला तरी तो गेला नाही. दुधाची साय सुकून भांड्याला चिकटावी तसा पांढरा, सुरकुतलेला. अक्काला विचारलं, दुखतं का? तर म्हणे, "काय बी नाही, मला ठाऊकच नाही." मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तर लोक उशिरा येतात.

त्यांनी तुकडा काढून तपासू या म्हटल्यावर अक्का खुर्चीतून उठलीच. "सुरी लागली की पसरतो." कुणाचं वाक्य हे, आठवतंय? तुझ्या दादाचं. आप्पांच्या गालातला तो व्रण तुटक्या दाताचा आहे म्हणून किती महिने त्या वैदूची पूड लावली तुम्ही. परळला टाटाला नेलं तेव्हा मानेतली गाठ बाहेरून दिसत होती. दहाव्याला मी तुझ्या दादाला जे बोलले त्यावरून तू माझ्याशी वर्षभर अबोला धरलास. मी बोलले ते खरंच होतं, आणि आजही तेच बोलेन. तपासणीला तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. वेळ घालवल्यानं पसरतो. आप्पांचा विषय काढला म्हणून पत्र इथंच टाकू नकोस, पुढं वाच. तुझ्याशिवाय हे कुणाला लिहू?

बायोप्सी झाली. भुलीचं इंजेक्शन, बारीकसा तुकडा, एक टाका. अक्का दुसऱ्या दिवशी आमटी-भात जेवली. रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण डिसप्लेसिया आहे, म्हणजे पेशींची ठेवण बिघडायला लागली आहे. असे सगळेच चट्टे पुढं कॅन्सर होतात असं नाही, पण कुठला होईल हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून चट्टा काढून टाकायचा, मिश्री बंद करायची आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं, असं मॅडमनी कागदावर लिहून दिलंय.

आणि इथंच माझी झोप उडालीय. अक्कानं त्यातलं "कॅन्सर नाही" एवढंच ऐकलं. दर्ग्याला नारळ फोडून आली, गल्लीत पेढे वाटले. डबी आधी फडताळात असायची, आता देव्हाऱ्याच्या मागं. परवा पहाटे वास आला म्हणून उठले तर तवा तापलेला आणि ही पाठमोरी. बोलले तर म्हणाली, "तू शाळेत पोरांना शिकव. मिश्री नाही लावली तर मला पोट साफ होत नाही." चट्टा काढायची तारीख एकदा तिनं भाच्याच्या साखरपुड्यासाठी पुढं ढकलली, एकदा अमावास्या म्हणून. बाकी घरात कुणाला त्याचं काही नाही. भाऊजी म्हणतात, बायकांना कुठं होतो हा रोग, तो गुटख्यावाल्यांना होतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पानपट्टीवर मागेल त्याला मिळतो. मिश्रीला तर बंदीचीही गरज वाटली नाही कुणाला. चुलीवरचा तंबाखू तो, तो कुठला तंबाखू! २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात साधारण सहातली एक बाई धुराशिवायचा तंबाखू वापरणारी निघाली. आपल्या आळीत मोजलं तर किती निघतील तूच सांग. आपल्याला तर आत्यानं दहा-बारा वर्षांच्या असताना लावायला शिकवली, दात किडत नाहीत म्हणून. तू गोठ्यात चक्कर येऊन पडलीस आणि म्हशीनं ढकललं म्हणून सांगितलंस. बिचाऱ्या म्हशीला काठी बसली. अजून आठवलं की मला हसू येतं.

मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनातून जात नाही. केरळात तिरुवनंतपुरमकडे १९९६ पासून गावोगावच्या लोकांची तोंडं तपासली. तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक होते. नुसतं उजेडात बघायचं आणि संशय आला की पुढं पाठवायचं. काही वर्षांनी हिशेब केला तर तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले. नुसतं बघून! आपल्याकडेही तिशीनंतर आरोग्य केंद्रात तोंड तपासायचं असं सरकारनं ठरवलेलं आहे. पण आमच्या आशाताईला आधीच इतकी कामं आहेत, ती कुणाकुणाचं तोंड उघडणार? दाताच्या डॉक्टरसमोर मात्र माणूस आपणहून तोंड उघडून बसलेला असतो. तिथं बघायचं राहिलं तर मग कुठं बघायचं?

आता तुझं. मला माहीत आहे तुझी डबी पिठाच्या डब्यामागं असते आणि सुनेला वाटतं ते दंतमंजन आहे. मी कुणाला सांगणार नाही. पण तू जा. परळपर्यंत पळायची गरज नाही, गल्लीतल्या दातवाल्याकडे गेलीस तरी चालेल. नाहीतर मुंबई सेंट्रलला नायरचं दाताचं कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सरकारी आहे. दाढ दुखते म्हणून जाऊ नकोस. सरळ सांग, मी मिश्री लावते, माझं सगळं तोंड बघा, जीभ ओढून बघा, मानही बघा. लाजून "काही लावत नाही" म्हणालीस तर तो घाईत नेमकी तीच जागा सोडून देईल. तोवर घरी उजेडात ओठ उलटा करून बघ. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, न पुसला जाणारा पांढरा डाग दिसला तर जा, लाल डाग असेल तर आणखी लवकर, कारण लालाचा धोका जास्त. तिखट फार झोंबायला लागलं किंवा तोंडात उभी तीन बोटं जाईनाशी झाली तरी थांबू नकोस. तुझ्या ह्यांनाही बरोबर ने, ते जेवणानंतर सुपारी कातरत बसतात ना अजून? नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो, तंबाखू लागतोच असं नाही.

आणि अक्काशी बोल. माझं ऐकायचं नाही असं तिनं ठरवलंय, पण तुझं ती लहानपणापासून ऐकते. तुझ्या लग्नात माझ्याआधी तिच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला आप्पांचं सांग. तू सांगितलंस तर तिला ती गाठ आठवेल. मी सांगितलं तर मास्तरीण बोलतेय असं वाटतं तिला. पुढची तारीख संक्रांतीनंतरच्या आठवड्यातली आहे आणि या वेळी ती चुकू द्यायची नाही. जमलं तर तूच ये ना, तिघी मिळून जाऊ. मग तुझंही तोंड तिथंच दाखवून टाकू.

सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? नातवाचं नाव काय ठेवलं ते कळवलंसच नाहीस. तुझ्या ह्यांच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? नव्या फ्लॅटला पाणी वेळेवर येतं का? आणि माझी कशिद्याची रिंग तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, मी फोटोत बघितलीय.

तुझीच,
मंगल

ता. क. फोन अक्काच्या मोबाईलवर करू नकोस, तो नातू गेम खेळायला घेऊन बसलेला असतो. रात्री नवानंतर माझ्याकडे कर, मी तिच्या हातात देते.