लेन्सच्या बॉक्सवर "पाणी लावू नका" हे मराठीत छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पावसाळी सहलींचं पान दिलं होतं. कुठला धबधबा, गाडी कुठपर्यंत जाते, बरोबर काय काय घ्यायचं, सगळं छान होतं. पण सुके कपडे, टॉर्च आणि मोबाईलसाठी प्लास्टिकची पिशवी ह्या यादीत एक ओळ राहिली म्हणून हे पत्र लिहितेय, की कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी लेन्स घरी ठेवा आणि चष्मा लावून जा.

माझी भाची पुण्यात होस्टेलला असते, वय 22. स्थळं बघायला सुरुवात झाल्यावर घरातल्याच कुणीतरी म्हटलं चष्मा नको दिसायला म्हणून तिने लेन्स घेतल्या, महिनाभर वापरायच्या असतात ना त्या. दुकानात लेन्स कशी घालायची कशी काढायची हे दाखवलं, लेन्स धुवायच्या आणि रात्री डबीत भिजवून ठेवायच्या सोल्युशनची बाटली दिली, बिल केलं. पाण्याबद्दल कुणीही एक शब्द बोललं नाही. मग ती लेन्स घालूनच आंघोळ करायची, डबी बेसिनच्या नळाखाली विसळायची आणि तिथेच बाथरूममध्ये ठेवायची, आणि सोल्युशन महाग म्हणून कालच्यातच थोडं नवीन ओतायची. मागच्या जुलैत मैत्रिणींबरोबर धबधब्यावर गेली तेव्हाही डोळ्यात लेन्स होत्याच. त्यातलं नेमकं कुठलं पाणी नडलं हे आता सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले.

दोनेक आठवड्यांनी उजवा डोळा लाल झाला. आम्हाला वाटलं डोळे आलेत, साथ होतीच तेव्हा. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणले, त्यात स्टेरॉइड होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. दोन दिवस लाली उतरली आणि मग अशी ठणक सुरू झाली की पोरगी उशीत तोंड खुपसून रात्रभर रडायची, खिडकीचा पडदा जरा सरकला तरी ओरडायची. डोळ्यातून पाणी यायचं पण घाण येत नव्हती, चिकटत नव्हता. पहिल्या डॉक्टरांनी नागिणीच्या जातीचा व्हायरस समजून औषध दिलं, त्यात आणखी तीन आठवडे गेले. शेवटी मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात बुबुळ खरवडून नमुना तपासला तेव्हा नाव कळलं, अकँथामिबा. लेन्स आणि डबी घेऊन या म्हणाले, त्यातलं पण तपासतात, पण माझ्या बहिणीने घर आवरताना डबी कचऱ्यात टाकून दिली होती. कुणावर अशी वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा, लेन्स लगेच काढा पण फेकू नका, डबीसकट डॉक्टरकडे न्या.

शाळेत आपण अमिबाची आकृती काढायचो ना, त्याचाच हा एक भाऊबंद. नळाच्या पाण्यात, विहिरीत, तळ्यात, स्विमिंग पूलमध्ये, मातीत, सगळीकडे असतो. गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी जो बुळबुळीत थर बसतो तिथे तर त्याला खायला जंतूच जंतू. पोटात गेला तर काही होत नाही म्हणून पिण्याचं पाणी चांगलं असलं तरी ते डोळ्याला चांगलं असेलच असं नाही, आणि संकट आलं की हा स्वतःभोवती असं कवच करून बसतो की पूलमधल्या क्लोरीनने पण मरत नाही. साध्या डोळ्यात पाणी उडालं तर अश्रू आणि पापण्या ते धुऊन काढतात, पण मऊ लेन्स म्हणजे स्पंज, तिच्यात पाणी मुरतं, ती फुगते, बुबुळाला चिकटून बसते आणि तो अमिबा तिच्याखाली तासनतास राहतो. लेन्सने बारीक ओरखडा पडलेला असेल तर त्याला आत शिरायला वाट मिळते, मग तो बुबुळातल्या नसांच्या कडेने पसरतो, म्हणून ती भयंकर ठणक.

सगळ्यांनाच होतो असं नाही, आजार दुर्मिळ आहे. पण ओल्या डबीत वाढणारा स्युडोमोनास नावाचा जंतू तेवढा दुर्मिळ नाही आणि तो तर एक-दोन दिवसात बुबुळ पोखरतो. त्यामुळे लेन्स लावणाऱ्याचा डोळा दुखला की मेडिकलवाल्याला विचारायचंच नाही, त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा आणि आपण लेन्स लावतो हे न विचारता आधी सांगायचं. आम्ही पहिल्या डॉक्टरांना ते सांगितलंच नव्हतं कारण तेव्हा तिने चष्मा लावलेला होता, आणि ह्याची टोचणी मला अजून आहे.

उपचार कसा असतो तेही लोकांना कळू दे. दर तासाला थेंब, दिवसा आणि रात्रीसुद्धा. दोन प्रकारचे, मध्ये पाच मिनिटं थांबायचं. मोबाईलवर चोवीस अलार्म लावले होते. मी आणि बहिणीने पाळ्या लावल्या होत्या, पोरीला झोप लागते न लागते तोच उठवायचं, मावशी आता नको गं म्हणायची ती आणि मी तिची पापणी बोटाने वर धरून थेंब घालायचे. थेंब साध्या दुकानात मिळत नव्हते, हॉस्पिटलच बनवून द्यायचं. नंतर दोन तासांनी, मग चार तासांनी, असे नऊ महिने गेले. तिचं शेवटचं सेमिस्टर गेलं. आता अमिबा गेलाय पण बुबुळावर फूल पडलंय, उजव्या डोळ्याने समोरच्याची बोटं मोजता येतात, चेहरा ओळखू येत नाही. डोळा पूर्ण शांत झाला की कॉर्निया बदलायचं बघू म्हणतायत, म्हणजे कुणीतरी नेत्रदान केलेल्या डोळ्याची वाट बघायची.

लंडनमध्ये ह्याच आजाराने दृष्टी गेलेल्या एका बाईने मागे लागून लेन्सच्या बॉक्सवर लावायचं एक छोटं स्टिकर करून घेतलं, नळाचं चित्र आणि त्याच्यावर काट. वाचता येत नसलं तरी कळतं. असं स्टिकर इथे प्रत्येक बॉक्सवर आणि डबीवर का नसावं? आत जो घडी घातलेला कागद असतो त्यावर मुंगीएवढ्या इंग्रजीत सगळं लिहिलेलं असतं, तो कोण वाचतं? दुकानदारांनी लेन्स देताना तोंडाने सांगावं, की हात साबणाने धुऊन कोरडे केल्याशिवाय लेन्सला बोट लावायचं नाही, आंघोळीच्या आणि पोहण्याच्या आधी लेन्स काढायची, डबी नळाने धुवायची नाही, रोजचं सोल्युशन रोज फेकायचं, डबी पुसून उघडी पालथी ठेवायची आणि तीन महिन्यांनी बदलायची. उकळलेलं पाणी, आरओचं पाणी, घरी मीठ घालून केलेलं पाणी, ह्यातलं काहीच चालत नाही. ऑनलाइन मागवणाऱ्यांना तर सांगणारंच कुणी नसतं, त्यांच्यासाठी बॉक्सवर मराठीत छापाच. पोहायचंच असेल तर नंबरचा गॉगल बनवून मिळतो.

वॉटरपार्क आणि स्विमिंग पूलवाल्यांनाही माझी विनंती आहे, तुम्ही टोपी सक्तीची करता, आधी शॉवर घ्यायला लावता, त्याच बोर्डवर लेन्स काढून या एवढं लिहा.

आणि शेतावरच्या लोकांनाही, लेन्स नसली तरी. डोळ्यात कुसळ किंवा माती गेली की पाटाच्या नाहीतर डबक्याच्या पाण्याने डोळा धुऊ नका, हाच अमिबा तिथूनही शिरतो आणि आपल्याकडे असे कितीतरी पेशंट लेन्स कधी न लावलेले असतात.

श्रावणात तुमचं अजून एक सहलीचं पान येतं दरवर्षी. त्यात ती एक ओळ घाला, जाड अक्षरात.

आपली,
एक मावशी, ठाणे