गोधडीचा क्लास आणि दोऱ्याचे नंबर

लीड्स,
१० नोव्हेंबर

सौ. वहिनींस,
स. न. वि. वि.

फोनवर बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते. अमळनेरच्या कापड दुकानदाराने माळ्यावरची खोली देऊ केली आहे, बायका आठ आहेत, मशिनी चार. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या: गोधडीचा क्लास कसा लावायचा आणि दोरा कुठला आणायचा. दोऱ्याचं आधी सांगते. इथल्या दुकानातसुद्धा बायका कापड निवडण्यात तास घालवतात आणि दोरा मात्र पैसे देताना गल्ल्याजवळ उभ्या उभ्या, रंग जुळला की उचलतात. पुढे जे बिघडतं, त्यातलं निम्मं त्या रिळापासून सुरू होतं.

रिळावर ५०, ४०, २८, १२ असा आकडा छापलेला असतो. एक किलो दोरा किती किलोमीटर भरतो, तो हा आकडा. म्हणजे आकडा मोठा तेवढा दोरा बारीक. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये, कापडगिरणीत, काम केलेल्या कुणालाही विचारा, सुताच्या नंबराचं गणित असंच उलटं चालतं. पुढे २ किंवा ३ लिहिलेलं असेल तर ते पदर, म्हणजे किती धागे एकत्र पिळलेत ते. ५० नंबरचे दोनपदरी आणि तीनपदरी दोरे हाताला सारखे लागत नाहीत, तीनपदरी जाड लागतो, कारण काही कंपन्या नंबर एका पदराचा लावतात. पॉलिस्टरच्या रिळावर बहुधा टेक्स असतं. ते सरळ आहे: हजार मीटर दोऱ्याचं वजन ग्रॅममध्ये. टेक्स लहान तर दोरा बारीक. दोन कंपन्यांचे दोरे ताडून बघायचे असतील तर टेक्सच बघा, त्यात फसगत होत नाही.

गोधडीच्या वरच्या बाजूचे कापडाचे चौकोन एकमेकांना जोडायला ५० नंबरचा दोनपदरी सुती दोरा आणि मशीनला ८०/१२ ची सुई. इथे दुकानात औरिफिल कंपनीचं नारिंगी रीळ त्याच नंबरचं, मोठं रीळ १३०० मीटरचं. तुमच्याकडे तो मिळाला नाही तरी काही अडत नाही, त्याच जाडीचा दुसरा बघा. बारीकच का, तर जोडकामात दोरा दिसत नाही, पण जागा खातो. शिवण उलगडून इस्त्री केली की जाड दोऱ्यावरून कापडाला वळसा घ्यावा लागतो आणि तेवढा चौकोन कमी भरतो. वरचे चौकोन, मधला भर आणि अस्तर अशा तिन्ही थरांतून वरून जी टीप मारायची, तिला ४० नंबर आणि ९०/१४ ची सुई. हाताने मारणार असाल तर २८. मायच्या गोधडीसारखा ठळक धावदोरा हवा असेल तर १२ नंबर आणि मोठ्या नेढ्याची सुई. १२ नंबर मशीनमध्ये घालायच्या फंदात पडू नका.

तुम्ही म्हणालात की दुकानात सगळं पॉलिस्टरच आहे. जोडकामाला बारीक पॉलिस्टर चालतो. पॉलिस्टर सुती कापड कापतो असं इथेही ठासून सांगितलं जातं, ते जरा वाढवून सांगितलेलं आहे. खरी गोष्ट एवढीच की दोरा कापडापेक्षा किंचित कमकुवत असावा. ताण आला तर शिवण सुटते आणि दोन मिनिटांत पुन्हा टीप मारता येते. दोरा कापडाहून दणकट असला की तो तुटत नाही, शेजारचं कापड फाटतं, आणि ते ठिगळाशिवाय जुळत नाही. नव्या पॉपलीनला याची फारशी भीती नाही. जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यांना मात्र सुती दोराच लावा.

सुती दोरा दुकानातच पारखून घ्या. वीतभर उलगडून उजेडासमोर धरा. बाजूने लव दिसली तर त्यात आखूड तंतूचा कापूस आहे. ती लव शटलमध्ये साठून टाके सुटायला लागतात. दादांना सांगितलं तर लगेच उमजेल: जिनिंगवर आपला कापूस २८-३० मिलिमीटरचा म्हणून जातो, आणि हे चांगले दोरे ३५ मिलिमीटरच्या वरच्या तंतूचे असतात. मग दोन्ही हातांत धरून हळू ओढा. थोडा ताणून तुटला तर ठीक, न ताणता पटकन तुटला तर माल जुना. आपल्याकडच्या उन्हात खिडकीच्या कपाटातलं रीळ दोन-तीन उन्हाळ्यांत कामातून जातं, रंग वरून ताजा दिसला तरी. दोन जातींची रिळं क्लासच्या टेबलावर येऊच देऊ नका. एक, हाताच्या शिवणकामाचा मेण किंवा खळ लावलेला गुळगुळीत दोरा: मशीनमध्ये गेला की तो लेप टेन्शनच्या चकत्यांत बसतो. दुसरा, भरतकामाचा चमकदार रेयॉन: तो शिवण धरत नाही.

रंगाचं सोपं आहे. जोडकामाला मधला राखाडी आणि मोतिया, ही दोन रिळं आठही जणींना पुरतात. वरच्या टिपेचा रंग निवडताना रीळ कापडावर ठेवून बघू नका, एक धागा सोडून कापडावर आडवा टाका. रिळावर रंग गडद दिसतो, एकटा धागा फिका दिसतो. नवशिक्या बाईला कापडाच्या जवळचाच रंग द्या. उठून दिसणारा रंग प्रत्येक वाकडा टाका दाखवतो.

आता क्लास. इथली दुकानं दोन-दोन तासांचे सहा वर्ग ठेवतात आणि पहिल्याच कामाला मोठी चादर देत नाहीत. तुम्हीही बाळाचं दुपटं ठेवा, ३० बाय ४० इंच. कापलेला चौकोन साडेपाच इंचाचा, शिवून पाचाचा. आडवे ६, उभे ८, एकूण ४८. सात रंग घ्यायचे आणि प्रत्येकाची साडेपाच इंचाची एकच आडवी पट्टी कापायची. ४४ इंची पन्ह्यात दोन्ही काठ सोडून ४२ इंच हाती येतात, त्यात ७ चौकोन बसतात. सातसत्ते ४९, एक चौकोन टीप तपासायला उरतो. दुकानदाराला प्रत्येक रंगाचं २० सेंटीमीटर मागा. पट्टी १४ सेंटीमीटरचीच असते, पण दुकानात कापड वाकडं फाडलं जातं आणि धुतल्यावर आटतं. अस्तर सव्वा मीटर, गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, ३० सेंटीमीटर. दोरा जोडून, वरची टीप आणि गोट धरून साधारण सव्वाशे मीटर जातो, बॉबिनसकट. दीडशे धरा. मीटरभर टिपेला वरचा-खालचा मिळून पावणेतीन मीटर दोरा लागतो, हे एकदा लक्षात ठेवलं की कुठल्याही मापाचा हिशेब निघतो.

मोठी गोधडी, ६० बाय ८० इंच, दुपट्याच्या बरोबर चौपट: १९२ चौकोन. फक्त अस्तर आणि गोट यांत चौपटीचा हिशेब चुकतो. अस्तर चहूबाजूंनी तीन इंच मोठं हवं, म्हणजे ६६ बाय ८६. दोन पन्हे आडवे जोडले तर ८४ इंचच भरतात, दोन इंच कमी पडतात. म्हणून ८६ इंचाचे दोन तुकडे उभे जोडायचे, ४.४ मीटर कापड. साडेपाच मीटरच्या सुती साडीत ते आरामात बसतं, मधला विरलेला भाग काढून टाकूनसुद्धा. गोटाच्या अडीच इंची पट्ट्या कागदावर सात पुरतात, पण तिरक्या जोडात दर वेळी अडीच इंच जातात. आठ कापा.

सगळं कापड कापण्याआधी गरम पाण्यातून काढा. मांजरपाट सगळ्यात जास्त आटतो. लाल, काळा आणि गडद निळा वेगळे भिजवा आणि ओल्या कापडावर पांढरी चिंधी ठेवून इस्त्री दाबा. चिंधीला रंग लागला तर पुन्हा धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो ही समजूत इथेही आहे, पण दुकानातून आणलेल्या कापडातला सुटा रंग मिठाने बसत नाही, तो धुऊनच काढावा लागतो. मग भाताच्या पेजेची पातळ खळ द्या. मऊ कापड कापताना सरकतं, खळीचं सरकत नाही. काम संपल्यावर मात्र खळ धुऊन टाका, नाहीतर ट्रंकेत कसर लागते.

पहिल्या वर्गात दुपट्याला हात लावायचा नाही. प्रत्येकीने दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापायच्या, पाव इंचाच्या शिवणीने एकमेकींना जोडायच्या आणि इस्त्री करायची. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि तिन्ही मिळून साडेतीन इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण जास्त घेतली जाते आहे. सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्याला चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासून जाऊ द्या. एवढं काटेकोर कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. मोठ्या गोधडीत एका ओळीत ११ शिवणी असतात, एकेकीत दोन्ही चौकोनांचा एक-एक मिलिमीटर जास्त गेला तरी ओळ २२ मिलिमीटरने आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत. मग ओढून जुळवायचा मोह होतो आणि तिथे फुगा येतो.

इथे कापायला गोल फिरणारं पातं आणि खाली चटई वापरतात. आठ बायकांत ते नको. पातं वस्तऱ्यासारखं धारदार असतं, आणि ती चटई मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत वाकडी होते ती सरळ होत नाही. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे साडेपाच इंची चौकोन कापून घ्या. पुठ्ठ्याचे कोपरे दहा वेळा आखले की झिजतात, फिल्मचे झिजत नाहीत. आखताना चौकोनाची बाजू उभ्या धाग्याशी समांतर ठेवा. उरेब, म्हणजे तिरका, गेला तर चौकोन शिवताना लांबतो.

इस्त्री ठेवायची आणि उचलायची, ओढायची नाही. पहिल्या ओळीतल्या शिवणी उजवीकडे दाबा, दुसरीतल्या डावीकडे. दोन ओळी समोरासमोर आणल्या की शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरा बोटाला कळतो, टाचणी लागत नाही. चार मशिनींवर जोड्या करा: एक शिवेल, दुसरी इस्त्री करेल. इस्त्री आणि मशीनची मोटर एका बोर्डावर ठेवू नका.

टाक्यांची सर्वात जास्त तक्रार येते ती खाली दोऱ्याचा गुंता होण्याची. बाई बॉबिनला दोष देते, पण बहुतेक वेळा चूक वर असते: प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला, म्हणून तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलाच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा, स्क्रूला हात लावायच्या आधी. वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन घट्ट आहे, पाव फेरा सैल करा. रीळही बघा. ज्याच्यावर दोरा फुलीफुलीने गुंडाळलेला असतो त्याचा दोरा वरच्या टोकाकडून सुटला पाहिजे, आणि सरळ रांगेत गुंडाळलेल्याचा बाजूने, रीळ फिरत. उलटं लावलं की दोऱ्याला पीळ चढतो आणि तो सुईपाशी गाठ मारतो. जोडताना टाका अडीच मिलिमीटरचा, थरांवर तीन ते साडेतीनचा.

थर लावताना अस्तर जमिनीवर उलटं पसरा, कडा चिकटपट्टीने धरा. ताणायचं नाही, फक्त सपाट. मध्ये काय घालायचं हे तुम्ही ठरवा. आपल्या थंडीला जुन्या सुती लुगड्याचे दोन पदर पुरतात. पिंजाऱ्याकडचा सुटा कापूस घातलात तर टिपा दोन-तीन इंचांवर हव्यात, नाहीतर दुसऱ्या धुण्यात तो कोपऱ्यात गोळा होतो. इथलं वॅडिंग, म्हणजे मध्ये घालायचा तयार भर, सुयांनी ठोकून जमवलेलं असतं, म्हणून त्याला आठ इंचांचं अंतरही चालतं. त्या पाकिटावरची सूचना आपल्या कापसाला लावू नका. मग दर चार बोटांवर सेफ्टी पिन, मधून बाहेर.

इथे एक मोठा फरक आहे, तो बायकांना आधीच सांगा. मायची गोधडी कडेपासून आत शिवत जाते, कारण हाताचा टाका वर-खालून सारखाच जातो आणि हात थर सारखे करत राहतो. मशीनचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं. कडेपासून सुरू केलं तर ते सगळं मधोमध फुगतं. मशीनवर मधली टीप आधी, मग एक उजवीकडे, एक डावीकडे. फुटाचा दाब वरच्या स्क्रूने थोडा कमी करा. हाताने मारणारीला सांगा, दोरा एक हात लांब, त्याहून जास्त नाही, नाहीतर नेढ्यापाशी विरतो. इंचाला चार-पाच टाके लुगड्याच्या जाड थराला भरपूर झाले.

गोटाचं एकच सांगते: कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, टाका पक्का करा, पट्टी वर दुमडून परत खाली घ्या. शेवटपर्यंत शिवलं की कोपरा गोल होतो.

क्लास वेचणी संपल्यावर, जानेवारीत दुपारी दोन ते चार ठेवा. आधी लावलात तर निम्म्या बायका शेतात असतील. माय चौकोन बघून म्हणेलच, "इतलं कापीसन परत शिवानं कसाले?" तिला धावदोऱ्याचा वर्ग शिकवायला बसवा.

दुकानात असलेल्या सुती दोऱ्याच्या रिळाचा फोटो पाठवा, टेक्स आणि पदर वाचता येईल असा. आणि मांजरपाटाचा पन्हा फूटपट्टीने मोजून कळवा, ३६ असेल तर वरचा सगळा कापडाचा हिशेब बदलून देते.

तुमची धाकटी नणंद