जबाब लिहिण्याआधी मोजायची टेप काढा

मा. संपादक,
स. न.

पोलीस प्रशिक्षण केंद्रांत सिडनी ल्युमेट यांचा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ किंवा बासू चटर्जींनी केलेले त्याचे हिंदी रूप ‘एक रुका हुआ फैसला’ आवर्जून दाखवावा. वडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाच्या खटल्याची ही गोष्ट. त्यात तपासी अधिकारी कुठेच दिसत नाही. जवळजवळ सगळी कथा ज्यूरीच्या, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा नागरिकांच्या, खोलीत घडते. पण तिथे निघणारी बहुतेक शंका म्हणजे तपासात राहून गेलेली मोजणी आहे.

खालच्या मजल्यावरचा म्हातारा सांगतो: मारण्याची धमकी ऐकली, कुणी पडल्याचा आवाज आला आणि १५ सेकंदांत दाराशी जाऊन मुलाला पळताना पाहिले. म्हातारा लंगडतो. तेवढे अंतर लंगडत चालून पाहिले, तर ४१ सेकंद लागतात. समोरच्या घरातल्या बाईने खून पाहिला तो मधून जाणाऱ्या रेल्वेगाडीच्या शेवटच्या दोन डब्यांतून. मग त्या खडखडाटात म्हाताऱ्याला धमकी ऐकू आली कशी? दोन्ही जबाब सुटे वाचले तर पक्के वाटतात, शेजारी ठेवले की कोसळतात. आणि बाईच्या नाकावर चष्म्याचे वण होते. झोपायला पडलेली बाई चष्मा लावून असेल का, हे तिला कुणीच विचारले नव्हते.

आपल्याकडे गुन्हा रात्रीचा आणि पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारचा, असे सर्रास होते. पंचनामा दिवसा झाला तरी त्याच वेळेला रात्री पुन्हा जागेवर जावे. दिवा कुठला, खांब किती मीटरवर, त्या रात्री तो चालू होता का (वीज कंपनीकडून लेखी घ्यावे), मध्ये झाड किंवा फलक आहे का, साक्षीदार उभा होता तिथून टेपने अंतर किती, हे सगळे कच्च्या नकाशात यावे. रुळालगतची वस्ती असेल तर त्या वेळी कोणती गाडी गेली तेही तपासावे. ‘लाइटच्या उजेडात पाहिले’ एवढ्या वाक्यावर खटला उभा राहत नाही. जबाबात नसलेली महत्त्वाची बाब साक्षीदार कोर्टात प्रथमच बोलला, की बचाव पक्ष ओमिशन, म्हणजे जबाबातली त्रुटी, काढतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १८१ प्रमाणे ती विसंगतीही ठरू शकते.

चित्रपटातल्या खुनाच्या चाकूचेही तसेच. दुकानदार म्हणतो असा एकच होता. ज्यूरीतला एक जण हुबेहूब तसाच त्याच वस्तीतून विकत आणतो. हत्यार वेगळे आहे असे म्हणायचे, तर आसपासची दुकाने आधी पोलिसांनीच फिरून पाहायला हवीत.

ओळख परेडबाबत (साक्षीदाराने रांगेतून संशयित ओळखणे) चित्रपट काही सांगत नाही, पण नजरेच्या साक्षीची खरी माती तिथेच होते. एका संशयितामागे रांगेत किमान सहा डमी (गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसे) हवेत, तेही वय, बांधा, रंग जुळणारे. परेडआधी साक्षीदाराच्या मोबाइलवर संशयिताचा फोटो पोहोचला किंवा कोर्टात नेताना त्याचा चेहरा उघडा राहिला, तर पुढची परेड कागदापुरतीच उरते. म्हणून अटकेच्या क्षणापासून बुरखा, स्टेशन डायरीत तशी नोंद, आणि परेड लवकरात लवकर.

आपला,
एक निवृत्त तपासी अधिकारी, नाशिक