तिकिटं काढली आहेत, आता ऐका

लोवेल, मॅसॅच्युसेट्स

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

तिकिटं काढली आहेत. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, एप्रिलच्या मध्यावर परत. तुम्हाला न विचारता काढली हे मला टोचतंय. पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "मे महिन्यात बघू," आणि आईचा तो मे काही केल्या उजाडत नाही. दादाला सगळं माहीत आहे, त्याच्यावर चिडू नका. गप्प राहायला मीच सांगितलं होतं.

उन्हाळा मुद्दाम टाळला. उन्हाळ्यात इथं हिरवळ आणि कालव्यातल्या बोटी असतात, पण मला तुम्हाला बर्फ दाखवायचाय. डिसेंबर-जानेवारीही तितक्याच मुद्दाम टाळला. तेव्हा रात्री पारा उणे दहा-पंधरापर्यंत उतरतो आणि साडेचारलाच अंधारून येतं. बाबांच्या छातीला आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. फेब्रुवारीअखेर दिवसा बहुतेक शून्याच्या वर चार-पाच अंश असतात, रात्री उणे पाच-सहा, आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत उजेड. तेव्हाचा बर्फ शून्याच्या आसपास पडतो, म्हणून ओलसर, मोठ्या पाकळ्यांचा आणि चिकट असतो. झाडाच्या काडीकाडीवर, इथल्या जुन्या कापडगिरणीच्या प्रत्येक खिडकीच्या कठड्यावर थर बसतो आणि लाल विटांच्या भिंतीवर पांढऱ्या रेघा उमटतात. जानेवारीचा कोरडा भुगा वाऱ्यानं उडून जातो, त्याचा गोळाही वळत नाही. शिवाय ह्या दिवसांत ऊन चढलेलं असतं, त्यामुळे बर्फ थांबल्यावर दुपारपर्यंत रस्ते काळे दिसायला लागतात. आई, तू म्हणतेस तसं महिनाभर घरात कोंडून पडायची वेळ येणार नाही.

"आणि पडलाच नाही तर?" हे बाबा विचारणारच. मार्चमध्येही इथं बर्फ पडतो, आणि कधी कधी चांगला पडतो. १९९७ साली ३१ मार्च आणि १ एप्रिलला मिळून बॉस्टनमध्ये पंचवीस इंच पडला होता. बॉस्टन इथून तासाभरावर. तुम्ही सात आठवडे राहणार, तेवढ्यात एखादा चांगला बर्फ मिळेलच असं मला वाटतं.

बर्फ बघायची वेळ नीट साधावी लागते. रात्री पडला तर सकाळी आठ ते अकरा ही खरी वेळ. ताज्या बर्फात हवा भरलेली असते, ती आवाज गिळते, म्हणून गाड्यांच्या रस्त्यावरसुद्धा शांत वाटतं. दुपारी थर दबला की ते जातं. बारानंतर चिखल व्हायला लागतो, आणि चारनंतर तोच चिखल पुन्हा गोठून काचेसारखा होतो. सगळ्यात जास्त माणसं पडतात ती ह्या गोठलेल्या पाण्यावर. ते डांबरावर दिसत नाही, नुसता ओला रस्ता वाटतो. म्हणून चारच्या आत घरी. ह्यात वाद नको.

बाबा, मुख्य रस्ता तुमच्यासाठी आहे. मार्केट स्ट्रीटवरून निघायचं, मेरिमॅक कालव्याच्या कडेनं चालत बूट कॉटन मिलच्या अंगणात यायचं. घड्याळाचा मनोरा, त्याखाली चौकोनी अंगण, चारी बाजूंना चार-पाच मजली गिरण्या. आमच्या पायांनी पंधरा मिनिटं, तुमच्यासाठी मी पाऊण तास धरलाय. आत संग्रहालय आहे. खालच्या मजल्यावर अठ्ठ्याऐंशी साचे, म्हणजे कापड विणायचे माग, मांडलेत, त्यातले काही चालवून दाखवतात. धोटा ह्या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो तो आवाज मी तुम्हाला सांगायला नको. दारातच कानात घालायचे बोळे देतात. ते घालायचे, "मला सवय आहे" म्हणायचं नाही. सवयीनंच तर तुमचे कान असे झालेत. हिवाळ्यात संग्रहालय थोडेच तास उघडं असतं, तेव्हा वेळ बघूनच नेईन. तिथं गेल्यावर तुम्हाला काय वाटेल ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. ब्याऐंशीच्या संपानंतर तुम्ही परळला तुमच्या गिरणीच्या गेटासमोरून जायचंही टाळायचात, ते माझ्या लक्षात आहे. नको वाटलं तर आत जाऊ नका, मी आईला घेऊन जाईन आणि तुम्ही अंगणात बाकावर बसा. आमचं घरही जुन्या गिरणीतच आहे हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही गप्प झालात. जाड विटांच्या भिंती, छताला हातभर जाडीच्या लाकडी तुळया. आग लागली तरी पटकन जळू नयेत म्हणून इतक्या जाड घालत. आणि इथं गिरणी पाडून टॉवर नाही उभा केला, भिंती-खिडक्या तशाच ठेवून आत घरं केली. एवढं एकदा डोळ्यांनी बघा, मग काय ते बोला.

गिरणीतल्या मुलींची वसतिगृहं शेजारीच आहेत. शेतकऱ्यांच्या पोरी गावाकडून यायच्या, दिवसाला बारा-तेरा तास राबायच्या, हिवाळ्यात दिवे लावून. १८३४ साली मजुरी कापली म्हणून आणि १८३६ साली वसतिगृहाचा खर्च वाढवला म्हणून त्यांनी संप केला. आई, हे तुला आवडेल. बाबांना मात्र कापसाचा हिशेब आवडेल. ह्या गिरण्यांचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला असे. १८६१ साली उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला, इथली साचेखाती बंद पडली आणि तिकडे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपल्यावर मुंबईचा तो बाजार कोसळला. म्हणजे आपल्या गिरणगावाची कुळकथा थोडी इथूनही जाते.

शहरात मिळून नऊ किलोमीटरच्या आसपास कालवे आहेत. पॉटकेट धबधब्यापाशी मेरिमॅक नदी सुमारे दहा मीटर खाली येते, त्या पाण्याच्या जोरावर सगळं चालायचं. कालव्यावर साय धरावी तसा बर्फ धरतो आणि घट्ट दिसतो, पण खालून पाणी वाहत असतं. कालव्याचे दरवाजे वरखाली केले की पाण्याची पातळी उतरते आणि वरचा थर अधांतरी राहतो. त्यावर पाय ठेवायचा नाही, कडेला साठलेल्या बर्फावरही नाही. तो कडेच्या बाहेर लोंबत असतो, खाली जमीन नसते. मनूलाही हेच शिकवलंय. कालव्याच्या तोंडाशी जेम्स फ्रान्सिस नावाच्या इंजिनिअरनं १८५० साली एक अवाढव्य लाकडी दरवाजा टांगून ठेवला होता. लोकांनी त्याला वेडा ठरवलं. १८५२ च्या पुरात तो दरवाजा खाली सोडला आणि शहर वाचलं. पुढे मार्च १९३६ मध्ये वितळता बर्फ आणि पाऊस एकत्र आले, तेव्हा पुन्हा तोच सोडला. तिथं तुम्हाला नक्की नेणार.

आता कपडे. मुंबईत स्वेटर-जर्किनं घेत बसू नका, तो पैसा वाया जातो. इथं येण्याआधीच दोघांचं सगळं आणून ठेवते. फक्त मापं पाठवा: छाती, कंबर, आणि पायाचं माप कागदावर उभं राहून, संध्याकाळी, सकाळी पाय लहान भरतो. अंगाला लागून थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. बाबा, आतून सुती बनियन नको. सूत घाम पितं आणि वाळत नाही, मग तेच अंग गार करतं. मोजे लोकरीचा एकच जोड. दोन चढवले तर बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. बूट एक नंबर मोठे घेते. त्यांवर रबरी जाळी चढवायची, तिला खाली लोखंडी काटे असतात. गोठलेल्या रस्त्यावर ती पकड देते, पण फरशीवर हमखास घसरते, म्हणून दुकानात किंवा लिफ्टपाशी आलात की आधी काढायची. आई, साडी घरात नेस, हवी तेवढी. बाहेर मात्र पॅन्ट. काठ ओला झाला की पायात अडकतो. आणि काळा चष्मा लागेलच; ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो आणि तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे.

चालताना पाऊल लहान, तळवा सपाट, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. गटाराची झाकणं, पुलावरच्या लोखंडी जाळ्या आणि रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे जास्त निसरडे असतात. जुन्या इमारतींच्या वळचणीखालून जायचं नाही, छतावरचा बर्फ एकदम सुटतो. पाऊस लागला की माझं डोकं पदरानं खसाखसा पुसून तू मला असंच बजावायचीस, आई. आता माझी पाळी.

बाबा, फावडं. मला माहीत आहे तुम्ही पहाटे उठाल आणि दारापुढचं साफ करायला निघाल. अजिबात नाही. ह्या ओल्या बर्फाचं एक फावडं सात-आठ किलो सहज भरतं. गारठ्यानं रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, त्यात माणूस श्वास रोखून उचलतो आणि रक्तदाब एकदम चढतो. तुमची अँजिओप्लास्टी झालेली आहे. इथं अंगण सोसायटीची माणसं यंत्रानं साफ करतात, मीठही तीच टाकतात. मीठ उणे आठ-नऊपर्यंत काम करतं, त्याखाली पडून राहतं. तुम्हाला काही करायचंच असेल तर लांब दांड्याच्या ब्रशनं गाडीवरचा बर्फ झाडा, टपापासून खाली. इंजिन चालू करण्याआधी मागच्या धुराड्याचं तोंड मोकळं आहे का बघायचं, ते बुजलं असलं तर विषारी वायू आत येतो. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडकते.

तुमच्या त्या पावसाच्या वहीसाठी मात्र एक काम राखून ठेवलंय. हातभर लांब-रुंद पांढरी फळी अंगणात मांडायची, बर्फ थांबला की लगेच पट्टी उभी धरून उंची मोजायची; उशीर केला तर थर बसतो. मग सरळ कडांचा स्टीलचा डबा पालथा दाबून तेवढा बर्फ काढायचा, घरात वितळू द्यायचा आणि पाण्याची उंची मोजायची. साधारण दहा सेंटीमीटर बर्फाचं एक सेंटीमीटर पाणी होतं, मार्चच्या ओल्या बर्फाचं दीड-दोनसुद्धा. लालबागच्या पावसाशेजारी हे आकडे तुम्हीच लिहा.

घराची काळजी करू नका. आत एकवीस-बावीस अंश असतं, पायांखालचं लाकूड गार लागत नाही, नळाला चोवीस तास गरम पाणी. हवा मात्र कोरडी असते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. त्यासाठी तुमच्या खोलीत पाण्याची वाफ सोडणारं यंत्र लावलंय. साचेखात्यात सूत तुटू नये म्हणून वाफ सोडत, तेच हे. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं. खोबरेल तेल बाटलीत घट्ट होईल, रात्री कोमट पाण्यात ठेवत जा. आलं, कढीपत्ता, गवती चहा, तूरडाळ सगळं मिळतं. कुकर आहे. मिरचीची फोडणी देताना आधी वरचा पंखा लावायचा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. ग्रोटनला शिर्डीच्या साईबाबांचं मंदिर आहे, गाडीनं जवळ. गुढी इथंच उभारू, काठी मी बघून ठेवलीय.

आणि आई, लेकीच्या घरी इतके दिवस कसं राहायचं, हे मनात आणू नकोस. तुझ्या जावयानं तुमची खोली स्वतः रंगवलीय, आणि मनू रोज विचारते आजी कधी येणार म्हणून.

गोळ्या दोन-अडीच महिन्यांच्या घ्या, मूळ स्ट्रिपमध्ये, हातातल्या बॅगेत. डॉक्टरांकडून औषधांची रासायनिक नावं लिहून छापील कागदावर सही-शिक्का घ्या. आधीच्या आजाराचं कलम बघून विमा दादा काढेल, त्यात प्लास्टी लपवायची नाही. विमानतळावर दोघांनी व्हीलचेअर घ्यायची, लाजायचं नाही. लोणचं, मेतकूट, गोडा मसाला आणा आणि कस्टममध्ये खायचं सामान आहे असं खरं सांगा. फळं, भाज्या, बिया काही नको. कढीपत्त्याची जुडीसुद्धा नको, आई.

रविवारी सकाळी तुमच्या नवाला फोन करते. तेव्हा गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि पायांच्या मापाचे कागद समोर घेऊन बसा.

तुमची,
छोटी